सौंदर्यप्रसाधनांची खरेदी आणि सत्कार्य : फैजपूरच्या प्रदर्शनापासून मोहाच्या साबणापर्यंत

प्रस्तावना

साबण, केसांचे तेल, पावडर, लिपस्टिक या वस्तू माणूस स्वतःसाठी विकत घेतो. त्यांचा उपयोग स्वतःच्या देहापुरता असतो आणि बहुतेकदा स्वतःच्या आनंदापुरताही. दान ही याच्या नेमकी उलट दिशेने जाणारी क्रिया होय. गेल्या चार दशकांत या दोन्ही क्रिया एकाच वेष्टनात बांधून विकण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. शाम्पूच्या बाटलीवर मुलींच्या शिक्षणाचे आवाहन असते, क्रीमच्या डबीवर कर्करोगविरोधी मोहिमेची गुलाबी फीत असते आणि विकत घेणाऱ्या व्यक्तीला असे वाटते की आपण आरशासमोर उभे असतानाच कोणाचे तरी भले करीत आहोत.

ही भावना खोटी आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु खरेदी करणाऱ्याने मोजलेल्या रुपयातून नेमके किती पैसे, कोणत्या मार्गाने आणि कोणापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न तालुक्याच्या बाजारपेठेत सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिच्यामागील हिशेब आणि तिला लागू होणारा कायदा यांचे विवेचन केले आहे. हे विवेचन यावल तालुक्याच्या संदर्भात करण्यास दोन कारणे आहेत. खरेदीतून समाजकार्य साधण्याच्या भारतीय विचाराचे एक मोठे जाहीर दर्शन याच तालुक्यातील फैजपूर येथे घडले, हे पहिले कारण. दुसरे असे की, साबण व तेल यांचा कच्चा माल असलेला मोह तालुक्याच्या उत्तरेकडील सातपुड्यात उभा आहे आणि त्याच्या बिया वेचणारी पावरा, बारेला, तडवी व भिल्ल कुटुंबे दानाचा विषय व्हावीत की व्यापारातील भागीदार, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

स्वदेशी, साबण आणि फैजपूर

वस्तू विकत घेणे हे नैतिक कृत्य असू शकते, हा विचार भारताला पाश्चात्त्य जाहिरात संस्थांनी शिकवला असा समज असल्यास तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत कापड, साखर, काच आणि साबण यांची खरेदी राष्ट्रकार्य मानली गेली. मुंबईचे उद्योजक अर्देशीर गोदरेज यांनी १९२० च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून अंगाचा साबण तयार केला आणि स्वदेशीच्या भावनेने तो अनेक घरांत पोहोचला. त्याच गोदरेज यांनी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडास ३ लाख रुपयांची देणगी दिली. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ती देणगी उद्योजकाने स्वतःच्या नावाने व स्वतःच्या पैशातून दिली. 'आमचा साबण घ्या म्हणजे फंडाला इतके आणे मिळतील' अशी अट तिला जोडलेली नव्हती. साबणाची विक्री साबणाच्या गुणावर आणि स्वदेशीपणावर चालली व दान स्वतंत्र राहिले.

महात्मा गांधींनी हा विचार आणखी पुढे नेला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्धा हे त्याचे केंद्र झाले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्या स्त्रीला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महाग होणार आणि काही ग्राहक तुटणार, याची जाणीव असूनही हे धोरण घेतले गेले. म्हणजे खादी घेणारा जो जास्तीचा पैसा मोजत होता तो दान नव्हता. तो वस्तूच्या खऱ्या किमतीचा भाग होता. स्वस्त वस्तूच्या किमतीत कोणाची तरी अपुरी मजुरी दडलेली असते, हे या भूमिकेमागचे गृहीतक होते.

२७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले हे पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या खानदेशातील कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार परिश्रम घेतले. नंदलाल बोस यांनी बांबूसारखे स्थानिक साहित्य वापरून अधिवेशननगराची सजावट केली. अधिवेशनाला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडण्यात आले होते व त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. अधिवेशनाची आठवण आजही राजकीय इतिहास म्हणूनच काढली जाते. प्रदर्शनाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः आजच्या भाषेत ज्याला 'नैतिक उपभोग' म्हटले जाते, त्याचा तो एक मोठा सार्वजनिक पाठ होता.

स्वातंत्र्यानंतर हेच सूत्र शासकीय चौकटीत आले. १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला. त्यांच्या उद्योगांच्या यादीत 'अखाद्य तेल व साबण' हा एक स्वतंत्र उद्योग होता. कडुनिंब, करंज, मोह यांसारख्या झाडांच्या बिया गोळा करून त्यांच्या तेलाचा साबण करावयाचा. त्यामुळे खाण्याचे तेल साबणाकडे वळत नाही आणि एरवी वाया जाणाऱ्या बियांना मोल येते. खादी भांडारातील कडुनिंबाच्या साबणाची वडी ही अनेक मराठी घरांच्या मोरीतील परिचित वस्तू. तिचा वास सर्वांनाच आवडे असे नाही, आणि ती लवकर विरघळते अशी तक्रारही नेहमीचीच. तरीही ती घेणाऱ्याचे पैसे बिया वेचणाऱ्यापर्यंत जाण्याची वाट सरळ होती.

कार्यसंलग्न विपणनाचा उदय

आधुनिक अर्थाने ज्याला 'कॉज रिलेटेड मार्केटिंग' म्हटले जाते, व ज्यासाठी मराठीत 'कार्यसंलग्न विपणन' हा शब्द योजता येईल, त्याचा आरंभ सामान्यतः १९८३ पासून मानला जातो. त्या वर्षी अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारासाठी एक योजना जाहीर केली. ग्राहकाने कार्ड वापरले की प्रत्येक व्यवहारामागे १ सेंट आणि नवे कार्ड घेतले की १ डॉलर या कार्यास द्यावयाचा, अशी ती योजना होती. त्यातून १७ लाख डॉलर जमले. कार्डाचा वापर मागील वर्षाच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी वाढला आणि कंपनीने या योजनेच्या जाहिरातीवर केलेला खर्च प्रत्यक्ष देणगीपेक्षा अधिक होता. या पद्धतीचे सारे गुणदोष या पहिल्याच उदाहरणात बीजरूपाने दिसतात.

पी. राजन वरदराजन आणि अनिल मेनन या दोन भारतीय वंशाच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग' मधील लेखात या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. तिचा गाभा असा की, ग्राहकाने महसूल मिळवून देणारा व्यवहार केला तरच कंपनी ठरावीक रक्कम ठरावीक कार्यास देते. दान आणि विक्री यांत कार्यकारणसंबंध आहे. विक्री नाही तर दान नाही. म्हणूनच ही पद्धत परोपकारापेक्षा विक्रीवृद्धीच्या साधनांच्या अधिक जवळ जाते. कंपन्यांमध्येही तिचा खर्च अनेकदा जाहिरात विभागाच्या अंदाजपत्रकात धरला जातो, यात आश्चर्य नाही.

सौंदर्यप्रसाधनेच का?

देणगी जोडून सिमेंट किंवा खत विकण्याची उदाहरणे विरळ, आणि लिपस्टिक, क्रीम, अत्तर यांची मात्र विपुल. असे का व्हावे? याचे एक उत्तर मिखाल स्ट्रॅहिलेविट्झ आणि जॉन मायर्स यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या १९९८ मधील संशोधनात सापडते. त्यातील पहिल्या संशोधक स्त्री असून मिखाल हे त्यांचे नाव आहे, एवढे येथे नमूद करणे इष्ट. गरजेच्या वस्तूंच्या तुलनेत चैनीच्या वस्तूंना दानाची जोड दिली असता ती अधिक परिणामकारक ठरते, असे त्यांना आढळले. चैनीच्या खरेदीत सुखाबरोबर किंचित अपराधीपणाही असतो आणि दान त्या अपराधीपणाची भरपाई करते. मिठाच्या पुडीला अशा भरपाईची गरज नसते. महिन्याच्या किराणा यादीत नसलेली लिपस्टिक घेताना गृहिणीच्या मनात जो क्षणभर संकोच येतो, त्या क्षणावरच ही विक्रीकला उभी आहे.

या क्षेत्रातील सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून मॅक या कंपनीच्या 'व्हिवा ग्लॅम' लिपस्टिकचा उल्लेख करावा लागतो. टोरांटो येथे स्थापन झालेल्या या कंपनीने १९९४ मध्ये एड्सग्रस्तांच्या साहाय्यार्थ ही लिपस्टिक बाजारात आणली. कर वगळता तिची संपूर्ण विक्रीकिंमत निधीस दिली जाईल, असे वचन होते. नफा नव्हे, नफ्याचा भाग नव्हे, तर किंमत. पंचवीस वर्षांत या मार्गाने ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. ज्या काळी एड्सचे नाव उच्चारण्यासही प्रतिष्ठित कंपन्या कचरत होत्या, त्या काळी हे धाडस केले गेले, हेही विसरता येत नाही. वचन इतके सोपे होते की ग्राहकाला हिशेब विचारण्याची गरजच उरली नाही.

गुलाबी फितीचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी म्हणून शार्लट हेली या अमेरिकन स्त्रीने १९९० च्या दशकाच्या आरंभी पीच रंगाच्या फिती घरी तयार करून वाटण्यास सुरुवात केली. संशोधनासाठी अधिक सरकारी निधी मिळावा, ही तिची मागणी होती. १९९२ मध्ये एका मासिकाने आणि एस्टी लॉडर या प्रसाधन कंपनीने तिला सहकार्याची विचारणा केली. हे फार व्यापारी होईल म्हणून तिने नकार दिला. तेव्हा रंग बदलून गुलाबी फीत आणली गेली आणि एव्हलिन लॉडर यांच्या पुढाकाराने ती प्रसाधनांच्या दुकानांतून जगभर गेली. या मोहिमेने आजाराभोवतीची लज्जा कमी केली व संशोधनास मोठा निधी मिळवून दिला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, पुढे कोणतीही कंपनी कोणत्याही वस्तूवर गुलाबी फीत छापू लागली. फितीवर कोणाचीही मालकी नव्हती व देणगीची सक्तीही नव्हती. २००२ मध्ये 'ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन' या संस्थेने 'थिंक बिफोर यू पिंक' ही मोहीम काढून ग्राहकांना प्रश्न विचारण्यास उद्युक्त केले. ज्या वस्तूंतील घटकद्रव्यांच्या सुरक्षिततेविषयीच शंका आहे, त्या वस्तू कर्करोगाच्या नावाने विकल्या जाव्यात काय, हा त्यांतील सर्वांत बोचरा प्रश्न होता.

एका लिपस्टिकचा हिशेब

'५ टक्के रक्कम सत्कार्यासाठी' हे वाक्य ऐकावयास निःसंदिग्ध वाटते. ते कितपत निःसंदिग्ध आहे हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका लिपस्टिकची छापील किंमत २३६ रुपये आहे. तिच्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर धरला, तर मूळ किंमत २०० रुपये व कर ३६ रुपये होतो. घाऊक व किरकोळ विक्रेत्यांचे कमिशन मिळून ५० रुपये धरले, तर कंपनीच्या हाती १५० रुपये येतात. कच्चा माल, वेष्टन, वाहतूक, जाहिरात हे सर्व वजा जाता कंपनीचा निव्वळ नफा या १५० रुपयांच्या १० टक्के, म्हणजे १५ रुपये आहे असे मानू.

आता '५ टक्के' कशाचे? छापील किमतीचे असतील तर ११ रुपये ८० पैसे. कंपनीच्या प्रत्यक्ष प्राप्तीचे असतील तर साडेसात रुपये. नफ्याचे असतील तर अवघे ७५ पैसे. एकाच शब्दप्रयोगातून निघणाऱ्या पहिल्या व शेवटच्या रकमेत जवळजवळ सोळा पटींचे अंतर आहे. ग्राहक कोणता अर्थ घेतो? ऑल्सन, प्रॅसियस आणि ब्राऊन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे शीर्षकच बोलके आहे; 'नफा म्हणजे किंमत होते तेव्हा' अशा आशयाचे ते आहे. नफ्याची टक्केवारी सांगितली तरी बहुसंख्य ग्राहक तिला किमतीचीच टक्केवारी समजतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे अज्ञान केवळ अल्पशिक्षितांचे नव्हे. वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांकडून नफा व किंमत यांची व्याख्या पाठ करून घेणाऱ्यांनीही आपण स्वतः वेष्टन कसे वाचतो, हे एकदा तपासून पाहावे.

याखेरीज आणखी एक मेख असते. 'कमाल अमुक लाख रुपयांपर्यंत' असा बारीक अक्षरांतला मजकूर अनेक योजनांत आढळतो. ती मर्यादा पहिल्या महिन्यात गाठली गेली तर दुसऱ्या महिन्यात केलेल्या खरेदीमुळे दानात एका पैशाचीही भर पडत नाही. उलट एखाद्या कंपनीने 'विक्री कितीही होवो, किमान इतकी रक्कम देणारच' असे जाहीर केले असेल, तर तिचे वचन अधिक विश्वासार्ह ठरते; पण मग त्या किमान रकमेपर्यंत ग्राहकाच्या खरेदीचा दानाशी संबंध नाममात्रच उरतो. एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुडीबाबत तर हा वाटा मोजण्याइतकाही राहत नाही, आणि ग्रामीण बाजारात खप याच पुड्यांचा अधिक.

अरधना कृष्णा यांनी २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष प्राध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कार्यसंलग्न खरेदी करणाऱ्या व्यक्तीचे प्रत्यक्ष दान कमी होण्याची शक्यता असते, कारण 'आपला वाटा आपण दिला' असे तिच्या मनाने धरलेले असते. शिवाय अशा खरेदीतून मिळणारे समाधान प्रत्यक्ष दानाच्या समाधानापेक्षा कमी असते. तात्पर्य, ७५ पैसे देऊन १०० रुपयांच्या दानाची इच्छा शमवली जाऊ शकते.

गोरेपणाची क्रीम आणि शिष्यवृत्ती

भारतातील सर्वांत बोधप्रद उदाहरण 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे आहे. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये ही क्रीम बाजारात आणली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही वा लग्न जमत नाही आणि क्रीम लावल्यावर सारे साधते, अशा आशयाच्या तिच्या जाहिरातींविरुद्ध २००२-०३ च्या सुमारास अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानेही काही जाहिरातींवर आक्षेप घेतला. २००३ मध्येच फेअर अँड लव्हली फाउंडेशनची स्थापना झाली आणि त्यामार्फत मुलींना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

अनील कर्णानी यांनी २००७ मध्ये 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल' मध्ये या प्रकरणाची चिकित्सा केली. कंपनीचा फायदा आणि समाजाचे भले एकाच वेळी साधते, या त्या काळी फार लोकप्रिय असलेल्या सिद्धान्ताला त्यांनी या उदाहरणाद्वारे आव्हान दिले. येथे प्रश्न देणगीच्या रकमेचा नाही. ज्या शिष्यवृत्तीने एखाद्या गुणी मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, ती शिष्यवृत्ती खरीच होती आणि त्या मुलीच्या दृष्टीने तिचे मोल कोणत्याही टीकेने कमी होत नाही. प्रश्न असा की, तुझ्या कातडीचा रंग हा तुझा दोष आहे, असे लाखो मुलींना सांगून मिळवलेल्या पैशातून काही शेकडा मुलींना शिकवल्याने हिशेब पुरा होतो काय? सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेतून महाविद्यालयात आलेली सावळी मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर का बसते, याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक कारण तिच्या गावातल्या किराणा दुकानातही लहान पुडीत मिळत होते.

पुढील घटनाक्रम सर्वज्ञात आहे. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्वचेच्या रंगावरून कमीपणा दाखवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि जुलै २०२० मध्ये कंपनीने क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' असे बदलले. नाव बदलण्यास पंचेचाळीस वर्षे लागली.

कायद्याची चौकट

कार्यसंलग्न विक्रीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेतील काही राज्यांत अशा विक्रीत सहभागी होणाऱ्या व्यापाऱ्याने लेखी करार व हिशेब देणे बंधनकारक आहे. तशी तरतूद येथे नसली, तरी प्रचलित कायद्यांचे काही धागे उपयोगी पडतात.

पहिला धागा कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ चा. ५०० कोटी रुपये वा त्याहून अधिक नक्त मूल्य, १,००० कोटी वा त्याहून अधिक उलाढाल किंवा ५ कोटी वा त्याहून अधिक निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. म्हणजे मोठ्या प्रसाधन कंपनीचे दान हे तितक्या मर्यादेत तिचे वैधानिक कर्तव्यच आहे. तेच पैसे 'तुमच्या खरेदीमुळे दिले' असे ग्राहकाला सांगणे सचोटीचे नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीने, उत्पादनाच्या विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. या दुरुस्तीची चर्चा वाणिज्य मंडळांत जितकी व्हावयास हवी होती, तितकी झालेली दिसत नाही.

दुसरा धागा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यानुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे आली. दानाचा दावा खोटा असेल तर तोही दिशाभूल ठरू शकतो. तिसरे म्हणजे, ज्या संस्थेचे नाव वेष्टनावर आहे ती महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास असल्यास तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे असते आणि या यंत्रणेचे कार्यालय जळगाव येथेही आहे. संस्थेचे नावच न देता 'गरजू मुलांसाठी' एवढेच लिहिलेले असेल, तर तपासण्यासारखे काही उरत नाही. आणि आयकराची सवलत? देणगीदार कंपनी असते. वजावट मिळाली तर ती तिला मिळते. पावती मात्र ग्राहकाकडे फक्त लिपस्टिकची असते.

मदत नव्हे, व्यापार

१९७६ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे 'द बॉडी शॉप' सुरू करणाऱ्या अनिता रॉडिक यांनी १९८० च्या दशकात एक वेगळी दिशा दाखवली. विक्रीतून देणगी काढण्याऐवजी कच्चा माल व वस्तू थेट गरीब समूहांकडून रास्त भावाने घ्यावयाच्या, ही ती दिशा. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचा पहिला पुरवठादार तामिळनाडूतील मदुराईजवळील टेडी एक्स्पोर्ट्स हा होता. लाकडी मसाज रोलर तेथे तयार होत. गांधी-कुमारप्पांच्या विचाराशी याचे साम्य उघड आहे. मात्र या मार्गातही धोका आहे. ही कंपनी २००६ मध्ये लॉरिएलने, २०१७ मध्ये नातुराने आणि २०२३ च्या अखेरीस एका गुंतवणूक संस्थेने विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधील तिचा व्यवसाय दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. दूरच्या एकाच खरेदीदारावर विसंबलेल्या खेड्याचे भवितव्य लंडनमधील भागधारकांच्या हाती जाते, एवढे या इतिहासावरून दिसते.

हे सर्व यावलला आणून पाहावे. येथे आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, १९६९ मध्ये घोषित झालेले सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि फळे त्यानंतर पावसाच्या तोंडावर पिकतात. बियांपासून निघणारे तेल थंडीत लोण्यासारखे घट्ट होते. आदिवासी घरांत ते खाण्यास, दिव्यास व अंगाला लावण्यास वापरले जात आले आहे आणि साबणासाठी ते उत्तम मानले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेत प्रत्येकी सुमारे २० सदस्यांचे १५ बचत गट मिळून ३०० वेचणाऱ्यांचे एक केंद्र, अशी रचना कल्पिलेली आहे. कच्चा माल तसाच न विकता त्यावर गावातच प्रक्रिया व्हावी, हा तिचा हेतू.

येथेच खरा अडसर आहे आणि तो दानशूरांच्या अभावाचा नाही. अंगाचा साबण हा कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा व २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार तो विक्रीसाठी तयार करावयाचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, ठरावीक जागा लागते आणि रसायनशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली व्यक्ती उत्पादनावर देखरेखीस लागते. हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटण्यासाठी हौसेने साबण करणाऱ्या गटाला हे ठाऊक नसते आणि पहिली मोठी मागणी आली की तो अडखळतो. दर्जाचा प्रश्नही आहेच. भारतीय मानक २८८८ नुसार अंगाच्या साबणात एकूण मेद पहिल्या प्रतीसाठी किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीसाठी ७० आणि तिसऱ्या प्रतीसाठी ६० टक्के असावा लागतो. ओलसर जागी साठवलेल्या बियांचे तेल लवकर खवट होते व त्यातील मुक्त आम्ल वाढते. मग साबणाचा रंग व वास बिघडतो आणि 'आदिवासी भगिनींनी बनवलेला' म्हणून एकदा घेतलेली वडी दुसऱ्यांदा घेतली जात नाही. करुणेपोटी झालेली विक्री पुन्हा होत नाही, हा खादी भांडारांचाही जुना अनुभव होय.

तेलाचा साबणीकरणांक व आम्लांक काढणे, साबणातील मुक्त अल्कली मोजणे हे प्रयोग रसायनशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याला नवे नाहीत. त्यासाठी लागणारी ब्युरेट, पिपेट व शंकुपात्रे तालुक्यातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतात. या परीक्षणांसाठी नमुना दरवर्षी बाहेरून मागवण्याऐवजी वाघझिरा वा लंगडाआंबा परिसरातून आलेल्या मोहाच्या बियांचे तेल घेता येईल, आणि देखरेखीस लागणारी रसायनशास्त्र शिकलेली व्यक्ती त्याच पाड्यांवरून महाविद्यालयात आलेली मुलगी असू शकते. वाणिज्य विभागाने लिपस्टिकचा वर मांडलेला हिशेब या साबणासाठी करून पाहावा : छापील किमतीतील किती रुपये बिया वेचणाऱ्या घरात गेले, एवढा एकच रकाना त्यात वाढवावा लागेल.